ठणठणीत लोकांची औषधपेटी

मखमलाबाद, नाशिक
२५ नोव्हेंबर २००१

ती. सौ. सरिताताईस,

नमस्कार. इकडे आम्ही सगळे मजेत. तू, भाऊजी आणि पोरं निफाडला मजेत असाल. फोनच केला असता, पण तुमचा फोन तुझ्या सासूबाईंच्या खाटेला चिकटून. मी ‘हॅलो’ म्हटलं की त्या पलीकडून ‘कोण गं?’ विचारतात आणि तू लगेच हवापाण्यावर येतेस. म्हणून हे पत्र.

अण्णांनी झेंडू उपटून आता फ्लॉवर लावलाय. आईचा गुडघा दुखतो, पण मार्केटची गाडी निघाली की सगळ्यांच्या आधी ती चढून बसते. तू नको जाऊ म्हटलं तर म्हणते, “मग भाजी काय तुझे अण्णा इकतील? त्यांना भाव कराया येत नाय.” तेव्हा सगळं जिथल्या तिथे आहे.

आता माझी बातमी. आमच्या कंपनीतलं भटकं मंडळ आठवतं ना? ज्यांच्याबरोबर मी पावसाळ्यात हरिहरला गेले आणि तू महिनाभर माझ्याशी बोलली नाहीस, तेच. ते आता गुहेत चाललेत. पांडवलेणी नव्हे गं, पायऱ्या चढायच्या नि फोटो काढायचे. खरीखुरी गुहा. हरसूलच्या पुढे करवंदपाडा म्हणून वस्ती आहे, तिच्या वरच्या कड्यात. तोंडाशी वाकून शिरायचं, मग रांगायचं, मग पोटावर सरकायचं, मध्ये गुडघाभर पाणी. आत वटवाघळं इतकी की पाड्यावरचे लोक तिला वाघळीच म्हणतात. शेवटापर्यंत कुणी गेलेलं नाही म्हणे. नाताळच्या सुट्टीत आठ जण जाणार आहेत, आणि त्या आठांत मी आहे.

आधी पुढचं वाच, मग कपाळाला हात लाव.

कपड्यांवरून आमच्यात नुसती रणधुमाळी चालली आहे. दिनेश, म्हणजे आमच्या वेल्डिंगमधला, तोंडाने एक्स्प्रेस गाडी, तो म्हणाला, जीन्स घालू, दणकट असते. आमचे म्होरके रावजीकाका. मेंटेनन्सला आहेत, पन्नाशी उलटली तरी दोरावर चढतात. ते म्हणाले, “घाल की. पाण्यात भिजली की गोणपाट होईल. मग तिला तूच उचलून आण.” कंपनीचा सुती डांगरीचा सूट घालावा असं निम्म्यांचं मत होतं. तोही काकांनी बाद केला. सुती कापड एकदा ओलं झालं की अंगावर वाळत नाही, आणि थांबलं की हुडहुडी भरते. शेवटी ठरलं ते असं की आत टेरिकॉटचा किंवा ट्रॅकसूटचा पातळ थर, वरून जुना टेरिकॉटचा बॉयलर सूट, पूर्ण बाह्यांचा. गमबूट नकोत, पाणी भरलं की पाय मणाचा होतो. आणि चामड्याचे बूटही नकोत. ते का, ते ऐक. पाड्यावरचा झिपरू आम्हाला वाट दाखवणार आहे. तो म्हणाला, “चामडं घेऊन आत नाय जायाचं. बूट नाय, पट्टा नाय, पाकीट बी नाय.” ती गुहा म्हणजे त्यांचं देवस्थान. तिथले लोक पहिल्या नागलीचं, म्हणजे नाचणीचं, कणीस त्या गुहेच्या तोंडाशी ठेवतात, मग घरात खातात. त्यामुळे कॅनव्हासचे बूट आणि कमरेला नाडी. दिनेशच्या पँटला नाडी, अशी कल्पना कर आणि हस.

माझा बॉयलर सूट मी पेठ रोडच्या शिंप्याकडे दिला. बाहेरचे खिसे काढून टाक म्हटलं, कपारीत अडकतात. पट्ट्याची लूपही काढ म्हटलं. आणि आतून, छातीशी, एक छोटा खिसा शिव, चेनचा. तो म्हणाला, “तो कशाला ताई?” मी म्हटलं, देवाचा अंगारा ठेवायला. भला माणूस, त्याने आतून दुहेरी शिवण मारून दिली.

त्या खिशात काय जाणार ते तुला सांगायला नकोच. ग्लुकोजची पावडर, प्लॅस्टिकमध्ये तीन पुड्या.

ताई, मी स्पष्टच लिहिते, कारण तू आणि मी सोडून या घरात ‘डायबेटिस’ हा शब्द कुणी उच्चारत नाही. आई ‘ते’ म्हणते. अण्णा ‘तुझं ते इंजेक्शन’ म्हणतात. माघात माझा साखरपुडा आहे, ओझरच्या मयूरशी, तुझ्या सासूबाईंच्या सख्ख्या भाच्याशी, आणि तू मला शपथ घातली आहेस की अक्षता पडेपर्यंत या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही. मी ‘बरं’ म्हटलं. म्हटलं ना? मग.

गंमत पुढे आहे. औषधपेटी माझ्याकडे आली. कंपनीने मला प्रथमोपचाराचं शिक्षण दिलंय, त्यामुळे काकांनी बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, भर. मी भरलाय. बँडेजचे रोळ, मुरगळण्यावरचं ताणाचं बँडेज, डेटॉल, भाजल्याचं मलम, अण्णांच्या जुन्या धोतराच्या त्रिकोणी पट्ट्या, हाड मोडलंच तर बांधायला बांबूच्या कामट्या, मिठा-साखरेच्या पाण्याची पाकिटं, कात्री, शिट्टी. सगळं प्लॅस्टिकमध्ये दोनदा गुंडाळून. मग प्रत्येकाला विचारत फिरले की बाबा तुला काही असतं का, दमा, चक्कर, कसली गोळी? तर सगळे म्हणाले, “मला? छे! ठणठणीत.” आठजण ठणठणीत. मीसुद्धा मलाच विचारल्यासारखं करून म्हटलं, ठणठणीत.

घरी आले नि तो डबा समोर घेऊन बसले. गुहेत काय होतं माहिती आहे? सगळ्यांनाच घाम येतो. सगळ्यांचेच हात थरथरतात, छाती धडधडते. माझी शुगर उतरली तर मला तरी कळेल का की हे रांगून झालंय की ते? आणि अंधारात माझं तोंड कुणाला दिसणार?

मी डॉक्टरांकडे जाऊन आले. तुला न विचारता. ते म्हणाले, “जा. सकाळचं इन्सुलिन कमी घे, दर तासाला खा. पण एका अटीवर. बरोबरच्या माणसांना माहीत असलं पाहिजे. नसेल तर मी परवानगी देत नाही, आणि तूही स्वतःला देऊ नकोस.”

आता लाव कपाळाला हात.

मुलांना पापा. भाऊजींना नमस्कार. राग आला तर तो मला लिही, आईला फोन करून तिला रडवू नकोस.

तुझी,
तृपी

—

मखमलाबाद, नाशिक
१० डिसेंबर २००१

ती. सौ. ताईस,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, खलबत्ताच! नमस्कारही नाही, आशीर्वादही नाही, थेट कुटायला सुरुवात. “तुला गुहेत मरायचं असेल तर मर, पण तोंड उघडलंस तर या घरात माझं तोंड काळं होईल.” हे वाक्य मी चारदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा चिडले, मग दोन्ही करून झाल्यावर जेवले. जेवणं मला चुकवता येत नाही, हे तुला माहीत आहेच.

तुझं म्हणणं मला कळतं गं. हे स्थळ तू आणलंस. सासूबाईंना तू सांगितलंस, माझी बहीण गुणाची आहे, घरकामाला वाघ आहे, तब्येतीने खणखणीत आहे. उद्या हे फुटलं तर त्या म्हणणार, सुनेने आमच्या भाच्याच्या गळ्यात आजारी पोर बांधायला काढली होती. मग तुझं उठणं-बसणं कठीण. तुझ्या जागी मी असते तर मीही असंच पत्र लिहिलं असतं, फक्त खाली ‘तुझी’ तरी लिहिलं असतं.

पण मी सांगितलं, ताई.

थांब, कुठे, कसं, कुणाला, ते नीट सांगते, नाहीतर तू मनाने काहीही चित्रं काढशील.

परवा शनिवारी पहिली पाळी सुटल्यावर आम्ही कँटीनमध्ये बसलो होतो. डबा टेबलावर उघडा. कुणाची काय तयारी झाली ते चाललं होतं. रावजीकाका प्रत्येकाचे कपडे हाताने चोळून बघत होते, टेरिकॉट आहे की सुती. दिनेशने गुडघ्यांना बांधायला स्कूटरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून आणले होते, आत स्पंज घालून. मुक्कामाला कोरडे कपडे, स्वेटर, कानटोपी वेगळ्या पिशवीत, ती पिशवी गुहेच्या तोंडाशी झिपरूजवळच ठेवायची. सगळं कसं झकास. आणि काका म्हणाले, “औषधपेटी झाली? सगळ्यांना सगळं मिळालं?”

मी म्हटलं, “काका, पेटीत एक वस्तू कमी आहे.”

“काय?”

“ग्लुकोज. मला डायबेटिस आहे. दहावीपासून. रोज दोनदा इन्सुलिन घेते. माझी शुगर उतरली तर मी आधी भांडते, मग गप्प होते, मग पडते. पडायच्या आत तोंडात साखर घालायची. बस्स, एवढंच.”

बाई गं! वेटरने आणलेला चहा कुणी उचलेना. दिनेश म्हणाला, “तू आधी भांडतेस म्हणजे? तू तर रोजच भांडतेस. आम्हाला कळणार कसं?” मी म्हटलं, म्हणूनच सांगते, मी गप्प झाले की घाबरायचं. मी ‘हो हो, तुम्ही म्हणाल तसं’ म्हणाले की समजायचं, गेली ही.

काका हसले नाहीत. म्हणाले, “मग तू येऊ नकोस, पोरी. माझ्यावर जबाबदारी आहे.”

मला असा संताप आला. मी म्हटलं, काका, मी सांगितलं नसतं तर मी धोक्याची नव्हते? तीच मी, तेच रक्त. काल चालत होते आणि आज सांगितलं म्हणून बाद? शाळेची सहल गेली तेव्हा मी घरी. कॉलेजचं शिबिर झालं तेव्हा मी घरी. दरवेळी लपवायचं म्हणून घरी. आता सांगूनही घरीच बसायचं असेल तर मग लपवणारे लोक शहाणेच म्हणायचे! डॉक्टरांची परवानगी आहे, ते तुम्हाला फोनवर सांगतील. मी काय करायचं, कधी खायचं, सगळं मला पाठ आहे. तुम्ही फक्त एक गोष्ट पाठ करा, गप्प झाली तर साखर.

काकांनी डबा स्वतःकडे ओढला. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि डब्यात टाकली. म्हणाले, “बीपीची. तीन वर्षं झाली. कंपनीत कळलं तर क्रेनवरून काढतील.” ताई, या माणसाच्या भरवशावर आम्ही दोराला लोंबकळायला निघालो होतो!

मग एकेक सुरू झालं. दिनेश म्हणाला त्याला लिफ्टमध्येही गुदमरतं, म्हणून तो जिन्याने जातो आणि लोकांना व्यायाम सांगतो. हा गडी गुहेत! एकाचा खांदा निखळतो. एकाला रक्त बघून चक्कर येते, आणि तोच माझा मदतनीस म्हणून नेमलेला. आठजण ठणठणीत, त्यातले तोवरच मी धरून पाच असे निघाले. माझा तो सुंदर भरलेला डबा, त्यात यातल्या कुणाहीसाठी काहीही नव्हतं. आम्ही खरचटण्याची तयारी करून निघालो होतो.

आता तुला जे आधी सांगायचं टाळलं ते. त्या आठांत प्रतिभा आहे. हो, तीच. मयूरची चुलत बहीण, तुझ्या सासूबाईंची भाची. ऑक्टोबरपासून आमच्या कंपनीत लागली आहे. मी तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू मला हरिहरच काय, कँटीनलाही जाऊ दिलं नसतंस.

ती माझ्या समोरच बसली होती. सगळ्यांचं झाल्यावर तिने पर्स उघडली आणि दम्याचा पंप टेबलावर ठेवला. वाघळांच्या घाणीत, त्या कोंदट हवेत ही पोर निघाली होती, आणि पंप बाहेर ठेवून, कारण पर्स चामड्याची! घरच्यांनी सांगितलंय, लग्न जमेपर्यंत कुणापुढे खोकायचं नाही. खोकायचं नाही, ताई! जणू खोकला हिच्या इच्छेने येतो.

उठताना तिने मला बाजूला घेतलं. म्हणाली, “तुझं मी काकूंना, मयूरच्या आईला, सांगणार नाही. ते माझं काम नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही.” मी म्हटलं, तू काही बोलू नकोस, मीच सांगेन. गुहेतून परत आले की ओझरला जाऊन, माघ लागायच्या आत.

तू विचारशील, लग्नानंतर सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? सांगते. लग्नानंतर मी त्यांच्या न्हाणीघरात लपून सुई टोचणार. हळदीकुंकवाला पेढा नाही म्हणता येणार नाही. एके दिवशी स्वयंपाक करता करता माझी शुगर उतरणार, मी खाली पडणार, आणि घरातले म्हणणार, पोरीला फिट आली. मग कुणी कांदा फोडून नाकाला लावेल, कुणी चप्पल हुंगवेल, दातखीळ बसली म्हणून चमचा घालतील, आणि साखरेचा डबा हाताच्या अंतरावर असताना मी जाईन. निदान गुहेत चामड्याची चप्पल नसेल, एवढीच काय ती सोय! तुला हसू आलं असेल तर बरं. मला हे लिहिताना आलं नाही.

मला लग्न हवंय गं. मयूर मला आवडलाय. बघायला आला तेव्हा सगळे माझ्या स्वयंपाकाचं विचारत होते, त्याने विचारलं, डोंगरावर भीती नाही वाटत का? हे मलाही गमवायचं नाही. पण माझा जीव कुणाच्या अडाणीपणावर टांगून मला सासरी जायचं नाही.

औषधपेटी पुन्हा भरली आहे. आता तिच्यात ग्लुकोज आहे, खडीसाखर आहे, पंप आहे, काकांच्या गोळ्या आहेत, खांद्याची झोळी आहे. प्रतिभाचा दुसरा पंप तिच्या आतल्या खिशात. तिचाही सूट मी त्याच शिंप्याकडे नेला. तो म्हणाला, “तुमच्या कंपनीत सगळेच अंगारा बाळगतात का हो?”

मी २५ तारखेला आत जाणार आहे. तुझा आशीर्वाद आला तर घेऊन, नाहीतर उधार.

रागावलेल्या बहिणीची न रागावलेली,
तृप्ती

—

मखमलाबाद, नाशिक
३० डिसेंबर २००१

ती. सौ. सरिताताईस,

साष्टांग नमस्कार. मी जिवंत आहे, धडधाकट आहे, दोन्ही गुडघे सोलले आहेत. आईला वाटतं सायकलवरून पडले. तिला उद्या सांगेन. तुझं उत्तर आलं नाही. वाट बघितली, खोटं कशाला बोलू.

आधी गुहा. झिपरूने तोंडाशी आमची झडतीच घेतली. दिनेशच्या घड्याळाचा पट्टा चामड्याचा निघाला, तो काढायला लावला. मग म्हणाला, “आता जा. घाई नका करू, ती कुठं पळून नाय जात.” आत ऊब होती, थंडी नव्हतीच. बाहेर डिसेंबर आणि आत आपल्या स्वयंपाकघरासारखं दमट. वास मात्र असा की डोळ्यांतून पाणी. नाकाला ओला रुमाल. प्रतिभाला काकांनी वाघळांच्या दालनाच्या अलीकडे पाण्यापाशी बसवलं, स्वतःही तिच्याजवळ थांबले, म्हणाले, माझंही वय झालं. आधी हे कधी कबूल केलं असतं त्यांनी?

पोटावर सरकायची ती जागा फार वाईट आहे. डोकं उचललं की हेल्मेट वर आपटतं, कोपर टेकले की खाली खडे. माझ्या मागे दिनेश होता, लिफ्टमध्ये गुदमरणारा, आणि सारखी बडबड करत होता, स्वतःला धीर द्यायला. मी त्याला दोनदा झापलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, “तृप्ती, थांबायचं का?” आणि मी म्हणाले म्हणे, “हो. तुम्ही म्हणाल तसं.”

मला हे आठवत नाही. मला आठवतं ते माझ्या कडेने घासत पुढे आलेल्या दिनेशने तोंडात कोंबलेलं ग्लुकोज, त्याच्या हाताला लागलेली वाघळांची घाण, आणि तो ओरडत होता, “गप्प झाली! गप्प झाली! कुणीतरी खडीसाखर मागे द्या!” त्या बोळात वळायला जागा नव्हती. पुढच्याने पायाने मागे सरकवत डबा दिला. जरा वेळाने माझे हात परत माझे झाले. पहिलं वाक्य मी काय बोलले असेन? “तुझे हात किती घाण आहेत रे!” त्यावर सगळे इतके हसले की वाघळं उठली.

ताई, मी मेले असते. हे तुला घाबरवायला लिहीत नाही. त्या बोळात, पाच जणांच्या मध्ये, माझ्या अंगावर चांगले कपडे आणि हाताशी भरलेला डबा असताना मेले असते. जगले ती त्या एका शनिवारच्या चहामुळे.

बिस्किटं खाल्ली, बसले, नीट वाटल्यावर पुढे गेले. परत फीर म्हणाले, फिरले नाही. शेवटी काय होतं विचारशील तर भिंत होती. वरच्या झाडाची मुळं खाली लोंबत होती आणि त्यांच्यावरून पाणी ठिबकत होतं. मी भिंतीला हात लावला. बाहेर येऊन इतकी रडले, पण ते चांगलं रडणं होतं.

आता ओझर. परवा प्रतिभाला घेऊन गेले. अगोदर कळवून गेले, म्हणून मयूरच्या आईने, गोजराबाईंनी, पोहे केले होते, मयूरही घरी होता. मी पोहे यायच्या आधीच सांगितलं. माझं दहावीपासूनचं, इन्सुलिनचं, डॉक्टर काय म्हणतात, मूल होऊ शकतं की नाही, तेही. होऊ शकतं, सांभाळून, हे त्यांनी विचारायच्या आधीच सांगितलं. गुहेतलंही सांगितलं. मयूर माझ्याकडे बघत होता, मग त्याने आईकडे बघितलं, मग चटईकडे.

गोजराबाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “तू सांगितलंस, बरं केलंस. फसवून आली असतीस तर आयुष्यभर तुला पाण्यात पाहिलं असतं. पण माझा एकुलता एक मुलगा आहे. मी नाही म्हणणार.”

तेव्हा प्रतिभा म्हणाली, “काकू, मला दमा आहे. तुम्हाला माहीत आहे. माझ्यासाठी स्थळं बघताना तुम्ही सांगता का?” त्या म्हणाल्या, “तू गप बस. घरातलं घरात असतं.” प्रतिभा म्हणाली, “मी आता गप्प बसत नाही. कंपनीत सगळ्यांना सांगितलंय.” मला त्या पोरीचे पाय धरावेसे वाटले. पण त्याने काही बदललं नाही. पोहे तसेच राहिले. कुणी खा म्हणालं नाही.

मयूर स्टँडपर्यंत सोडायला आला. गाडी लागली. मी चढताना म्हणाला, “मला तसं चालेल. पण आई...” मी म्हटलं, चालेल म्हणजे? मी काय जुनी सायकल आहे? तो बिचारा लाल झाला. वाईट मुलगा नाही गं. पण ‘चालेल’वर मला जायचं नव्हतं. आडगाव नाक्यापर्यंत प्रतिभाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. फार दुखतंय, अजूनही. लिहिताना थांबावं लागतंय. पण उद्या मला तेच परत करायला सांगितलंस तर तेच करीन, पोहे यायच्या आधीच.

आता तुझ्याबद्दल, आणि हेच लिहायला आज बसले आहे. गोजराबाईंनी एव्हाना तुझ्या सासूबाईंना फोन केलाच असेल. त्या तुला समोर बसवतील आणि विचारतील, “सरिता, तुला हे ठाऊक होतं?” ताई, मी तुला ओळखते. तू पदर सावरशील आणि म्हणशील, “नाही हो आई, पोरीने माझ्यापासूनसुद्धा लपवलं.” मग सगळं माझ्या अंगावर येईल आणि तू सुटशील. मीच तुला तसं सांग म्हणाले असते, माझं काय, मी दूर आहे, घेईन अंगावर.

पण ते तू म्हणायचं नाहीस. काय वाटेल ते ऐकून घे, भाऊजींना मध्ये घाल, वाटलं तर चार दिवस इकडे निघून ये, आई आणि मी आहोत. पण तुला माहीत नव्हतं असं म्हणू नकोस.

दहावीत हे निघालं तेव्हा माझ्या अंगाला सुई लावताना आईचे हात कापायचे. अण्णा उठून मळ्यात जायचे. तू संत्र्यात पाणी टोचून टोचून हात बसवलास आणि त्यानंतर रोज, सकाळ-संध्याकाळ, परीक्षा असो, पाहुणे असोत, तूच टोचलंस. तुझ्या लग्नात तुला हळद लावून पाटावर बसवलं होतं, बायका गाणी म्हणत होत्या, आणि तू मध्येच उठून आत आलीस. दार लावलंस. मी म्हटलं, आज मी माझं मी घेते. तू म्हणालीस, “गप बस, आजचं मीच देणार, उद्यापासून तू.” माझ्या दंडावर तुझी पिवळी बोटं उमटली होती. दोन दिवस मी ती धुतली नाहीत.

तुला जर माहीत नव्हतं, तर मग ती कोण होती?

तुझ्याच हातच्या सुयांवर वाढलेली,
तृप्ती